घर विकण्याआधी बागेवर खर्च करताय? या चुका टाळा

घर विकायचं ठरलं की पहिला फोन रंगाऱ्याला जातो आणि दुसरा माळ्याला. रंगाचं एक वेळ समजू शकतो. पण बंगला किंवा रो-हाउस विकताना बागेवर जो पैसा घातला जातो, त्यातला बराचसा परत येत नाही. उलटही घडतं. दोन दिवसांच्या साफसफाईने जे झालं असतं ते केलं नाही, म्हणून गिऱ्हाईक फाटकातूनच मान हलवून परत जातं. दोन्हीकडे मूळ चूक एकच असते: बाग आपल्या डोळ्यांनी बघितली जाते, घेणाऱ्याच्या नाही.

घेणारा कोण हे न ठरवताच माळी बोलावणं

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, प्रभात रोड अशा भागांतला जुना बंगला घ्या. चार-पाच गुंठ्यांचा प्लॉट, चाळीस-पन्नास वर्षांचं बांधकाम, पुढे हिरवळ, मागे आंबा. हा बंगला राहायला घेणारं कुटुंब क्वचितच मिळतं. येतो तो बिल्डर, आणि तो गुलाबाकडे बघत नाही. समोरचा रस्ता किती मीटरचा, नऊ की त्याहून कमी, हे तो आधी विचारतो, कारण तिथे किती मजले चढवता येतील ते बरंचसं त्यावर ठरतं. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनंतर तर हे गणित सगळ्यांच्याच तोंडपाठ झालंय. अशा ठिकाणी नवीन लॉन घालणं म्हणजे पाडायच्या घराला तोरण बांधणं. इथे बागेवर रुपया घालू नका. मोजणीचा नकाशा आणि प्रॉपर्टी कार्ड अद्ययावत करा, ते जास्त कामाला येईल.

रो-हाउसचं तसं नाही. नाशकात गंगापूर रोडला किंवा पुण्यात पाषाण-बावधनकडे रो-हाउस बघायला येतं ते कुटुंब असतं. सोबत आजी-आजोबा, लहान मूल, कधी कुत्राही. फ्लॅट सोडून ते इकडे येतात त्यामागे पुढचा तो पंधरा बाय वीसचा तुकडाच असतो. इथे बाग मोजली जाते, पण रुपयांत नाही. ‘बघू’ आणि ‘पुन्हा येऊ’ यांच्यात ती मोजली जाते.

तिसरा प्रकार मुळशी, कर्जत, अलिबागकडच्या सेकंड होमचा. तिथे माणूस घर कमी आणि झाडं जास्त विकत घेतो. फळाला आलेली हापूसची कलमं, नारळ, बारमाही पाण्याची विहीर यांवर भाव खरोखर हलतो. पण ही सगळी वर्षानुवर्षांची कमाई. विक्रीच्या दोन महिने आधी ट्रकमधून आणून टाकता येत नाही.

बँकेच्या मूल्यांकनातही हेच दिसतं. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा व्हॅल्युअर येतो. जागेचा दर गुणिले क्षेत्र, अधिक घसारा वजा करून बांधकाम, असा त्याचा हिशेब. रेडी रेकनरमध्ये, म्हणजे जागेच्या सरकारी दरांच्या तक्त्यात, तर मोगऱ्याला रकानाच नाही. म्हणजे बागेसाठी चढवून मागितलेली रक्कम घेणाऱ्याला कर्जातून मिळणार नाही, खिशातून घालावी लागणार. तिथेच घासाघीस सुरू होते.

लॉनचा मोह

लॉन फोटोत छान दिसतं, त्यामुळे एजंटही तेच सुचवतो. हिशेब मात्र कोणी सांगत नाही. एप्रिल-मे मध्ये लॉनला रोज चौरस मीटरला निदान पाच-सहा लिटर पाणी लागतं. हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे रोजचं पाचशे लिटर. दहा हजार लिटरचा टँकर वीस दिवसांत एकट्या लॉनने संपवला. ज्या भागात उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी येतं तिथलं गिऱ्हाईक हिरवंगार लॉन बघून पहिला प्रश्न ‘बोअर आहे का?’ हाच विचारतं. ‘नाही, टँकर मागवतो’ म्हणालात की हिरवळीची सगळी हवा गेली.

तरीही घालायचंच असेल तर वेळ बघा. टोकून लावलेलं गवत जमीन झाकायला दोन-अडीच महिने घेतं. तयार चादरी अंथरल्या तर दिसतं लगेच, पण मुळं धरून सांधे बुजायला तीन-चार आठवडे जातात. परवा गिऱ्हाईक येणार म्हणून आज अंथरलेलं लॉन पायाखाली सरकतं आणि सांध्यांच्या रेघा ओरडून सांगतात की हे कालच केलंय. मग समोरच्याच्या मनात येतं, खाली काय झाकलंय?

आहे तेच लॉन बिघडलं असेल तर आधी कारण शोधा, सरसकट युरिया फेकू नका. सगळीकडे सारखं फिकट पिवळं पडलं असेल तर बहुतेक नत्र कमी किंवा पाणी जास्त. एका कडेलाच वाळलं असेल तर तिथे भिंतीची झळ लागते का ते बघा. तपकिरी चट्टा हाताने ओढला आणि गवत गालिच्यासारखं अलगद वर आलं, तर खाली हुमणी मुळं खाऊन बसली आहे. बोटभर माती उकरली की पांढरी, वेटोळं घातलेली अळी दिसेल. अर्धवट कुजलेलं शेणखत पसरलं की हुमणी आणि तण दोन्ही फुकटात येतात, आणि वास घेणाऱ्याच्या नाकात बसतो तो वेगळाच. लव्हाळा उगवला असेल तर वरून खुरपून उपयोग नाही, खालची गाठ राहिली की आठवड्यात परत हजर. विकायच्या घाईत तेवढा वेळ नसतो, तेव्हा तो तुकडा लॉनमधून काढून तिथे शहाबादी फरशी किंवा खडी टाकलेली बरी.

नवी माती चढवून ओल ओढवून घेणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ती करताना कोणाच्या लक्षातही येत नाही. माळी म्हणतो, ‘साहेब, एक ब्रास लाल माती टाकू, बाग उठून दिसेल.’ एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तीन इंचांचा थर दिला तर चारशे चौरस फूट झाकले जातात. दर दोन-तीन वर्षांनी असा थर पडत गेला की मातीची पातळी हळूहळू जोत्याच्या वर जाते. जोत्यातला ओलरोधक थर खाली राहतो, भिजलेली माती थेट विटांना टेकते. पावसाळ्यात आतल्या खोलीत फरशीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटतात, पांढरं मीठ फुटतं. त्यावर नवा रंग मारला तरी पुढच्या जुलैत ते पुन्हा वर येतं. त्याच वाटेने वाळवीही आत शिरते.

आणि जाणता गिऱ्हाईक, किंवा त्याने सोबत आणलेला सिव्हिल इंजिनिअर मेहुणा, नेमका तिथेच वाकून बघतो. भिंतीवरून हात फिरवतो. एकदा ‘लीकेज आहे’ हा शब्द निघाला की तुमच्या बागेच्या सगळ्या खर्चापेक्षा मोठी रक्कम भावातून खाली येते.

म्हणून माती टाकण्याऐवजी काढा. भिंतीलगतची वीतभर रुंद पट्टी मोकळी करा, जोतं दिसू द्या, तिथे खडी भरा. पाण्याचा उतार घराकडे नाही, फाटकाकडे आहे ना, ते बादलीभर पाणी ओतून बघा. ड्रेनेजचे चेंबर लॉनखाली गाडले गेले असतील तर ते उघडे करा. मोरीच्या लायनीजवळ उंबर किंवा पिंपळाचं रोप असेल, गच्चीच्या कठड्यात किंवा पाइपाच्या बेचक्यात उगवलं असेल, तर ते आताच मुळासकट काढा. भिंतीतला पिंपळ बघितला की लोक घराचं वय दहा वर्षांनी वाढवतात.

मोठ्या झाडावर परस्पर कुऱ्हाड

‘घरात उजेड यावा’ म्हणून विकण्याआधी झाड पाडून टाकणारे असतात. झाड आपल्या कंपाउंडमधलं असलं तरी शहरात ते परस्पर तोडता येत नाही. १९७५ च्या महाराष्ट्राच्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्याखाली महापालिका किंवा नगरपालिकेची परवानगी लागते, आणि झाडाला इजा पोचवणं, जाळणं हेही त्यात तोडण्यासारखंच धरलं जातं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांहून जुनं झाड वारसा वृक्षात मोडतं. ज्या शेजाऱ्याशी तुमचं पार्किंगवरून वाजलंय तोच तक्रार करतो, आणि ऐन व्यवहारात नोटीस येऊन पडते.

याची दुसरी बाजूही बघा. बिल्डरला जाणाऱ्या प्लॉटच्या मधोमध आज हौसेने पाच-सहा झाडं लावलीत, तर उद्या ती त्याच्यासाठी परवानग्यांची यादी होते. झाडं लावूच नका असं म्हणत नाही, कडेने लावा.

दारातल्या औदुंबराचं मात्र वेगळं प्रकरण. काही घेणारे त्याला हात जोडतात, काही जण ‘मुळं पायात जातील’ म्हणून बिचकतात. तो जोत्यापासून लांब असेल तर पार नीट करून ठेवा आणि गप्प बसा. वीजवाहिनीत घुसलेल्या फांद्या मात्र माळ्याकडून काढून घेऊ नका, महावितरणला कळवा.

शोभेचा माल

कारंजं बंद पडलं असेल तर काढून टाका, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात आणि महापालिकेची माणसं दंड लावून जातात. कुंड्यांखालच्या बशाही उपड्या करा. प्लॅस्टिकचं हिरवं गवत दुपारी पाय ठेववत नाही इतकं तापतं, आणि मुलं आली की ती अनवाणीच त्यावर धावतात. सिमेंटचे हरण-बगळे तुम्हाला आवडत असतील, असू देत, पण फोटोच्या दिवशी मागे ठेवा.

काय करावं

रो-हाउससाठी मी म्हणेन: एक माळी दोन दिवस, एक टेम्पो कचऱ्यासाठी आणि थोडी खडी. गाजरगवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून, कारण त्याने अंगावर पुरळ उठतं. वाळलेल्या, फुटक्या कुंड्या आधी बाहेर. ही एकच गोष्ट इतका मोठा फरक करते की पुढचं बरंचसं करावंच लागत नाही. फाटकापासून दारापर्यंतची वाट धुवा, सुटे पेव्हर बसवा. तुळशी वृंदावनाला गेरू किंवा रंगाचा हात द्या. वाळकी तुळस बघून ज्येष्ठ मंडळी नाराज होतात, आणि घराचा निर्णय त्यांच्या हातात असतो हे एजंट तुम्हाला सांगणार नाही.

झाडं आणायचीच तर आधीच भरलेली, मोठ्या बॅगेतली दोन-चार आणा. उरुळी कांचन-लोणी काळभोर पट्ट्यातल्या रोपवाटिकांत ती बॅगेच्या मापाने मिळतात. लावताना प्लॅस्टिकची बॅग फाडून काढली का ते उभं राहून बघा. घाईत बॅगेसकट पुरलेलं झाड महिनाभरात मान टाकतं आणि दोष हवेला जातो. तगर, जास्वंद, बोगनवेल, सोनचाफा ही आपल्याकडे निभावणारी मंडळी. फेब्रुवारीत पिटुनियाचे वाफे भरू नका. अक्षय्य तृतीयेला गिऱ्हाईक येईपर्यंत त्यांचा पाचोळा झालेला असतो.

जमत असेल तर घर दसरा-दिवाळीच्या सुमारास दाखवा. पावसाने बाग फुकटात हिरवी करून दिलेली असते, फक्त छाटणी आणि तण काढणं उरतं. फोटो मात्र सप्टेंबरमध्येच काढून ठेवा, पाऊस उघडलेल्या एखाद्या सकाळी.

गच्चीवरची बाग आणि फ्लॅट

वरच्या मजल्याचा फ्लॅट टेरेससह विकत असाल तर नवे वाफे बांधू नका. भिजलेली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते, आणि खालच्या मजल्यावर गळती झाली की सोसायटीचं ना हरकत पत्र अडकतं. असलेल्या कुंड्या विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालची फरशी कोरडी दिसेल. वॉटरप्रूफिंगचं बिल आणि हमीपत्र असेल तर तेच दाखवा.

बिलं आणि टोकननंतरचा काळ

२३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून न धरता, १२.५ टक्के कर आहे. त्याआधी घर घेतलेल्या, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला इंडेक्सेशनसह २० टक्क्यांचा हिशेबही धरता येतो. दोन्हींत सुधारणेचा भांडवली खर्च वजा करता येतो. कंपाउंडची भिंत किंवा बोअरवेल त्यात बसू शकते, माळ्याचा पगार आणि खत बसत नाही. रोखीने, कच्च्या चिठ्ठीवर केलेलं काम हिशेबात दाखवणं अवघड जातं, म्हणून पक्कं बिल घ्या आणि सीएला आधी विचारा.

टोकन झाल्यावर कोणत्या कुंड्या, वृंदावन, झोपाळा, ठिबकची नळी आणि पाण्याची मोटर राहणार, कोणतं तुम्ही नेणार, हे करारनाम्याच्या परिशिष्टात लिहा. पत्नीने वीस वर्षं सांभाळलेली अनंताची कुंडी उचलताना समोरचा ‘ही तर घरासोबत होती ना?’ म्हणतो तेव्हा वाईट भांडणं होतात. कर्जमंजुरी आणि नोंदणीत दोन-तीन महिने सहज जातात. तोवर तुम्ही नव्या घरी राहायला गेला असाल तर माळ्याला ताब्याच्या दिवसापर्यंतचे पैसे देऊन ठेवा. शेवटचा चेक त्याच दिवशी मिळायचा असतो, आणि बाग वाळलेली दिसली की तो लांबवायला कारण मिळतं.