लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ रात्रीत बसते? कॉम्प्रेसर बदलायच्या आधी एवढं तपासा

पुण्यात माझं गॅरेज आहे. त्याआधी बरीच वर्षं व्होल्वो बसखाली गेली, त्यामुळे हवेच्या बॅगांशी जुनी ओळख. ही गाडी स्प्रिंगऐवजी चार कोपऱ्यांतल्या हवेच्या बॅगांवर उभी असते आणि त्यात हवा भरतो तो कॉम्प्रेसर. हल्ली लोक सेकंडहँड लँड रोव्हर हौसेने घेतात आणि महिन्याभरात फोन येतो: "मेस्त्री, सकाळी गाडी जमिनीला टेकलेली असते, कॉम्प्रेसर गेला म्हणतात, नवा टाकून द्या." कॉम्प्रेसर टाकायला माझी ना नाही, पण हवा कुठून जाते ते न शोधता टाकलात तर नवाही मरणार. गळती भरून काढायला तो सारखा पळतो, तापतो, आतल्या पिस्टनची रिंग नि सिलिंडरचा लायनर घासतात. तेव्हा आधी गळती.

खाली लिहिलंय ते २००४ ते २००९ मध्ये बनलेल्या डिस्कव्हरी ३ साठी. डिस्कव्हरी ४ ची रचनाही बरीचशी तशीच.

पहिली गोष्ट, ही गाडी फसवते. तुम्ही लॉक करून घरी गेलात तरी सस्पेन्शनचं कंट्रोल युनिट, म्हणजे त्याचा कॉम्प्युटर, मधूनमधून जागं होतं आणि चारही कोपऱ्यांची उंची बघतं. एक कोपरा खाली आलेला दिसला की बाकीच्या तिन्हींची हवा सोडून गाडी सपाट करतं. इंजिन बंद असताना कॉम्प्रेसर चालत नाही, म्हणजे वर उचलणं शक्य नाही, खाली आणणं तेवढं हातात. सकाळी चारही चाकं बसलेली बघून मालक म्हणतो, सगळंच गेलं. गळत असतो एकच कोपरा.

म्हणून गाडी सपाट जागी नॉर्मल उंचीवर उभी करा, इंजिन बंद करा, आणि मॅन्युअलमधला तक्ता बघून सस्पेन्शनच्या कंट्रोल युनिटचा फ्यूज काढा. एकापेक्षा जास्त असतील तर सगळे. आता टेपने चारही चाकांवर मापं घ्या: चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, टायरमधल्या हवेने माप बदलतं. आकडे टायरवरच खडूने लिहा. सकाळी पुन्हा मोजा. जो कोपरा खाली आला तो तुमचा. बाकीचे तीन जागच्या जागी असतील तर त्यांच्यावर एक रुपयाही घालू नका.

मग साबणाचं पाणी. फ्यूज परत लावा, इंजिन चालू करून गाडी ऑफ-रोड उंचीवर (नॉर्मलपेक्षा वरच्या) न्या, म्हणजे बॅगच्या रबराची घडी उलगडते आणि चिरा उघड्या पडतात. इंजिन बंद, फ्यूज पुन्हा बाहेर, आणि चासीखाली भक्कम स्टँड. नुसत्या जॅकवर विसंबून ही गाडी अंगावर घ्यायची नाही. हवा गेली तर टायर आणि मडगार्ड यांच्यामधला हात वाचत नाही.

भांडी घासायचा लिक्विड सोप पाण्यात घट्टसर कालवा. बॅगवर धातूचं आवरण असतं, त्यामुळे चीर थेट दिसेलच असं नाही. खालून, जिथे रबर आत वळतं तिथे, फवारा चांगला आत जाऊ द्या. नंतर बॅगच्या डोक्यावरचा पाइपचा जोड, मग पूर्ण पाइप (उंदीर कुरतडतात, हसू नका), शेवटी व्हॉल्व्ह ब्लॉक, म्हणजे बॅगांत हवा सोडणाऱ्या-काढणाऱ्या झडपांचा ठोकळा. पुढचा बंपरमागे असतो, मागचा चासीला. फवारून लगेच उठू नका. मोठी गळती फसफसते, पण रात्रभर पुरणारी बारीक गळती जोडाच्या कडेला मोहरीएवढा पांढरा फेस धरते आणि तो दोन-चार मिनिटांनी हरभऱ्याएवढा होतो. टॉर्च हवाच.

जोड गळत असेल तर स्वस्तात सुटलात. त्या कोपऱ्याची हवा स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) पूर्ण सोडा, पाइपचं टोक धारदार पात्याने काटकोनात कापा, नवीन जोड घाला. हवा भरलेली असताना पाना लावायचा नाही. बॅग, जोड, पाइप कुठेच फेस नाही, तरी कोपरा बसतोच, तर संशय व्हॉल्व्ह ब्लॉकच्या आतल्या सीलवर. ड्रायरमधल्या (कॉम्प्रेसरच्या हवेतला ओलावा शोषणारा डबा) गोळ्यांचा भुगा होतो, तो तिथे जाऊन बसतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

एखादा कोपरा उंच राहत असेल तर गळती शोधत बसू नका, गळतीने गाडी वर जात नाही. उंचीचा सेन्सर, त्याची छोटी दांडी, वायर, हे बघा. सेन्सर बदलला तर कॅलिब्रेशन, म्हणजे गाडीला उंची नव्याने शिकवणं, करावं लागतं.

आता कॉम्प्रेसर. डाव्या मागच्या चाकाच्या पुढे, प्लास्टिकच्या झाकणाखाली. इंजिन चालू, दारं सगळी बंद (दार उघडं असेल तर गाडी उंची बदलत नाही, आणि लोक तेवढ्यावरून बिघाड ठरवतात), आणि खालच्या उंचीवरून नॉर्मलला न्या. आवाजच नाही? फ्यूज, मग रिले (कॉम्प्रेसरला करंट देणारा विजेचा स्विच), मग कॉम्प्रेसरच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का. व्होल्ट येतात आणि मोटर गप्प, तर मोटर गेली. उलट इंजिन बंद केल्यावरही घरघर चालूच असेल तर रिले चिकटलाय. तो आधी बदला, नाहीतर बॅटरी आणि कॉम्प्रेसर दोघंही जातील. मोटर फिरते पण गाडी रडतखडत उठते, स्कॅनरवर हवा साठवायच्या टाकीचा दाब हळू वाढल्याचा कोड (सी१ए२०) येतो, आणि गळती कुठेच नाही, अशा वेळी कॉम्प्रेसरवर खुशाल खर्च करा. ड्रायर त्याच वेळी नवा घाला.

हे सगळं करण्याआधी बॅटरी मात्र तपासून घ्या. कमी व्होल्टेजवर ही गाडी वाट्टेल ते दिवे लावते. पिवळा दिवा आणि "नॉर्मल हाइट ओन्ली" आलं तर जपून घरी नेता येते. लाल दिवा आला तर वेग एकदम कमी करा आणि टो मागवा.

आणि "एअर काढून स्प्रिंग टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. टाकता येतात, पण उंची बदलायची सोय जाते, आणि मागे माणसं-सामान भरलं की शेपूट खाली. नव्वद टक्के चांगलं असलेलं सस्पेन्शन एका जोडापायी उपटायला माझ्याकडे गाडी आणू नका.