वेळेची कीर्द-खतावणी : नोकरी सांभाळून शिकताना आठवडा कसा बसवावा

लग्नानंतर सहा वर्षांनी मी बी.कॉम.ला प्रवेश घेतला तेव्हा मुलगी पहिलीत होती, नोकरी दादरला आणि घर बदलापूरला. पहिल्याच रविवारी मी रंगीत पेनांनी वेळापत्रक आखलं आणि कपाटाच्या दारावर चिकटवलं : रोज रात्री नऊ ते अकरा अभ्यास. गुरुवारपर्यंत ते मोडलं. त्या वर्षी एका विषयाचा स्वाध्याय जमा करायची तारीखही हातची गेली, याचं मला फार वाईट वाटलं. पुढे विचार केला तेव्हा चूक कळली. वेळ किती शिल्लक आहे हे न मोजताच मी तो वाटून टाकला होता. ऑफिसात हिशेब लिहिताना असं मी कधीच केलं नसतं.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं, इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, त्याच्या चार वर्षं आधी. रात्रशाळा तर मुंबईत त्याच्याही कितीतरी आधीपासून आहेत. दिवसा काम आणि उरल्या वेळात पुस्तक, असं शिकणारी माणसं आपल्याकडे खूप आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पूर्ण वेळ कॉलेजात असलेल्यांनाही यातलं बरंच वापरता येईल.

आधी सात दिवस फक्त नोंद करा

खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी छोटी वही घ्या. सोमवार ते रविवार, दर दोन-तीन तासांनी मधला वेळ कशात गेला ते एका ओळीत लिहा. या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. फोन बघण्यात पाऊण तास गेला तर तसंच लिहा.

आठवड्याचे तास १६८. माझी नोंद अशी निघाली : झोप रोज सात तास म्हणजे ४९, ऑफिस सहा दिवस नऊ तास म्हणजे ५४, प्रवास दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन साडेतीन तास म्हणजे २१. झाले १२४. स्वयंपाक, आंघोळ, मुलीचं आवरणं, बाजार यांना रोज चार तास, म्हणजे २८. उरले १६. त्यात पाहुणे येणार, कुणी आजारी पडणार. म्हणून मी अभ्यासाला आठवड्याला १२ तास धरले. माझ्या रंगीत वेळापत्रकात रोजचे दोन, म्हणजे १४ तास होते आणि तेही सगळे रात्री, अंगात त्राण नसताना.

झोपेचे तास कापून आकडा वाढवायचा मोह होतो. करू नका. वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते. शिवाय पाच तास झोपून पुस्तक उघडलं की तेच पान तीनदा वाचावं लागतं.

वही एकच ठेवा, पण तिचे दोन भाग करा

जुन्या पद्धतीच्या हिशेबात आधी कीर्द आणि मग खतावणी. दिवसभरात जो व्यवहार होईल तो घडेल त्या क्रमाने कीर्दीत टिपायचा आणि नंतर सवडीने ज्या-त्या खात्यावर चढवायचा. कामांसाठी मला याहून चांगली पद्धत सापडली नाही.

वहीची पुढची पानं म्हणजे कीर्द. आठवलं की लगेच तारीख टाकून लिहायचं : ‘परीक्षा फॉर्म १५ पर्यंत’, ‘मुलीच्या शाळेत पालकसभा’, ‘साहेबांना थकबाकीची यादी’, ‘गॅस नोंदवणे’. लिहिताना वर्गवारी करत बसू नका, कारण गाडीत उभं राहून ते होत नाही. मागून उघडलं की खतावणी : ऑफिस, अभ्यास, घर, पैसे अशी चार खाती, प्रत्येकाला काही पानं. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटांत कीर्दीतली ओळ आपल्या खात्यावर न्यायची आणि कीर्दीत तिच्यापुढे बरोबरची खूण करायची.

फोनमध्येही हे करता येतं, पण फोन उघडला की त्यातल्या इतर गोष्टी हाका मारतात. म्हणून मी कागदावर राहिले. ज्यांना फोन सोयीचा वाटतो त्यांनी फोन वापरावा, फक्त अर्धं वहीत आणि अर्धं फोनमध्ये असं करू नये. मग दोन्ही ठिकाणी शोधावं लागतं आणि कशावरच भरवसा राहत नाही.

परीक्षेच्या तारखेपासून उलटं मोजा

अभ्यास किती आहे हे तासांत मांडा. इग्नूमध्ये एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास धरतात, त्यात वाचन आणि स्वाध्याय दोन्ही आले. त्या हिशेबाने चार श्रेयांकांच्या विषयाला १२० तास लागतील, आणि असे तीन विषय असतील तर ३६०. आठवड्याला १२ तास मिळत असतील तर ३० आठवडे झाले. परीक्षा मेच्या अखेरीस असेल तर पुस्तक ऑक्टोबरच्या शेवटी हातात हवं, म्हणजे बहुतेक वर्षी दिवाळीच्या आसपास. बरेच जण ते फेब्रुवारीत उघडतात.

हा सरासरीचा आकडा झाला, तुमचा वेगळा असेल. तो काढायचा सोपा मार्ग असा : प्रत्येक विषयातला एक घटक टिपणांसकट पूर्ण करा आणि घड्याळ लावून वेळ मोजा. मला मार्केटिंगच्या घटकाला तीन तास लागायचे, व्यापारी कायद्याच्या घटकाला पाच. हिशेबाचे पेपर रोजच्या कामामुळे भराभर व्हायचे. तिथे वाचलेले तास मी कायद्याला दिले.

अंदाज मात्र दीडपट धरा. आपल्याला किती वेळ लागेल हे सांगताना माणूस नेमाने कमी सांगतो, मागच्या वेळी उशीर झाला होता हे आठवत असूनही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या सवयीवर लिहिलं. लग्नाचा हॉल घेताना, घराला रंग देताना आपण तिचा अनुभव घेतलेलाच असतो.

कधी आणि कुठे, हे आधी ठरवा

‘या आठवड्यात दोन घटक वाचेन’ असं म्हटलं की ते राहतं. ‘मंगळवारी पहाटे साडेपाचला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, घटक चार’ असं लिहिलं की होतं. रोज काय करायचं हा निर्णय पहाटे डोळे चोळत घ्यायला लागू नये, म्हणून पुस्तक आदल्या रात्रीच त्या पानावर उघडून ठेवा.

प्रत्येक वेळेला सारखाच अभ्यास झेपत नाही. पहाटेचा दीड तास सगळ्यात मोलाचा, तो नव्या आणि अवघड भागाला द्या. माझ्या १२ तासांतले नऊ पहाटेचे होते, तीन रविवार दुपारचे. रात्री जेवणानंतर नवीन काही वाचू नका. समास आखणं, टिपणं स्वच्छ लिहिणं, उद्याची पानं ठरवणं एवढंच तेव्हा नीट होतं.

गाडीतला वेळ मी या १२ तासांत धरलाच नाही. तो वरकड. बदलापूरहूनच सुटणारी लोकल धरायला मला दहा मिनिटं लवकर निघावं लागायचं, पण बसायला जागा मिळायची. त्या दहा मिनिटांच्या बदल्यात तासभराचं वाचन! येताना मात्र तिघांच्या बाकावर कडेला टेकायची चौथी सीटसुद्धा नशिबाने. ‘कुठे उतरणार?’ विचारत उभं राहायचं. उभ्याने पुस्तक धरता येत नाही, पण पत्त्यांच्या आकाराची कार्डं धरता येतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. तेवढीही जागा नसेल तर कान मोकळे असतात. कायद्याच्या व्याख्या मी माझ्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. लेडीज डब्यात बाजूला कुणी मेथी निवडत असायचं, कुणी स्तोत्र म्हणत असायचं, आणि मी कराराच्या आवश्यक अटी ऐकायचे.

बसल्या जागी किती वेळ सलग वाचावं यावर इटलीच्या फ्रांचेस्को चिरिलोची पद्धत प्रसिद्ध आहे : २५ मिनिटं काम, पाच मिनिटं थांबायचं. विद्यार्थी असताना त्याने टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून ती सुरू केली, म्हणून तिचं नाव पोमोदोरो, इटालियनमध्ये टोमॅटो. सुरुवात करायला कंटाळा येतो तेव्हा ही पद्धत छान चालते. हिशेबाच्या मोठ्या उदाहरणांना मात्र २५ मिनिटं अपुरी पडतात. ताळेबंद जुळत आला असताना उठू नये, तिथे ४५ मिनिटं धरा. फोन या वेळात दुसऱ्या खोलीत. आवाज बंद करून शेजारी ठेवलेला फोनही लक्ष ओढतो.

घरात बोलून घ्या

ही पायरी बहुतेक लेखांत नसते. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, बायकांच्या बाबतीत तर फारच. दोन खोल्यांच्या घरात एकट्याने ठरवलेला वेळ टिकत नाही. आधी मी गप्प राहून निभावायचा प्रयत्न केला. पहाटे पुस्तक उघडलं की दूधवाला, पाण्याची मोटर, मुलीची वेणी, सगळं माझ्याच नावावर. शेवटी एका रविवारी जेवणानंतर सगळ्यांसमोर वही ठेवली.

“आई, साडेपाच ते सात मला हाक मारू नका. सात वाजता मी उठून डबे करते,” मी सासूबाईंना म्हटलं.

“आणि दूध?”

“अहो, दूध आणि मोटर तुम्ही बघाल का? मे महिन्यापर्यंत.”

यांनी दोन्ही कामं घेतली. वेणीचं काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. नुसतं ‘मला मदत करा’ म्हटल्यावर काहीच झालं नव्हतं. नेमकं काम, नेमका वेळ आणि कधीपर्यंत हे सांगितल्यावर सगळ्यांना सोपं गेलं. मुलीला सांगितलं होतं की टेबलावरचा छोटा दिवा लागलेला असेल तर आईची शाळा चालू आहे. तीही काही दिवसांनी आपली चित्रकलेची वही घेऊन शेजारी बसायला लागली.

त्याच्या जोडीला रविवारी दीड तास आठवड्याची तयारी : लसूण सोलून, कांदा-खोबऱ्याचं वाटण करून फ्रिजमध्ये, पालेभाजी निवडून कपड्यात गुंडाळून, मुलीचे गणवेश इस्त्री करून. याने रोज सकाळची निदान वीस मिनिटं वाचतात. घरातल्या पुरुषांनीही ही कामं करावीत. लसूण सोलायला शिकवावं लागत नाही.

ऑफिसच्या तारखा अभ्यासाच्या वहीत उतरवा

प्रत्येक कामाला भरतीचे दिवस असतात. आमच्याकडे महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टीडीएस (कापून घेतलेला कर) भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला जीएसटीआर-३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. मार्चअखेर तर विचारूच नका. या तारखांच्या आधीच्या दोन दिवसांत मी नवा घटक घेतच नव्हते, फक्त कार्डं. शिक्षकांना पेपर तपासणीचे दिवस, दुकानात काम करणाऱ्यांना दिवाळीचा हंगाम, तसं आपापलं बघा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे दिवस आणि गणपती, घरातली लग्नं, मुलांच्या परीक्षा एका रंगात गोल करा. जे उरतं त्यातच अभ्यास बसवायचा आहे.

परीक्षेच्या रजेचा अर्ज वेळापत्रक लागल्याबरोबर द्या आणि साहेबांना तोंडीही सांगा. त्या दिवसांत आपलं काम कोण बघणार हेही सुचवा, म्हणजे नाही म्हणायला कारण उरत नाही. सहकाऱ्याच्या अडचणीच्या दिवशी आपण थांबायचं, हे ओघानंच आलं.

उजळणीला वेगळे दिवस नको, वेगळा डबा हवा

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं. म्हणजे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. परीक्षेआधीच्या महिन्यासाठी सगळी उजळणी राखून ठेवली तर तो महिना नव्याने शिकण्यातच जातो.

कार्डांसाठी मिठाईचे तीन रिकामे डबे घ्या. नवं कार्ड पहिल्या डब्यात, तो रोज उघडायचा. उत्तर आलं की कार्ड दुसऱ्या डब्यात, तो तीन दिवसांनी. तिथेही आलं की तिसऱ्यात, तो दर रविवारी. चुकलं की कार्ड परत पहिल्या डब्यात. पुस्तक मिटून आठवायचं, नुसती नजर फिरवायची नाही. नजर फिरवली की सगळं येतंय असं वाटतं आणि पेपर हातात आल्यावर शब्द सुचत नाहीत.

रविवारी वीस मिनिटं बाकी काढा

चहा घेऊन वही उघडा. झालेल्या कामांवर रेघ मारा. न झालेली पुढच्या आठवड्यात ओढा, पण प्रत्येकापुढे एक टिंब द्या. तीन टिंबं झाली की ते काम पुन्हा तसंच ओढायचं नाही. त्याचं काय ते त्याच दिवशी ठरवा : काढून टाकायचं, दुसऱ्याला सांगायचं, की तुकडे करून पहिला तुकडा उद्या पहाटे घ्यायचा. माझ्या वहीत ‘कायदा स्वाध्याय’ला तीन टिंबं पडली होती. तो फोडून ‘प्रश्न एकचा पहिला परिच्छेद’ असं लिहिलं आणि सोमवारी तो सुरू झाला.

एखादा आठवडा पूर्ण वाया जातो. मुलीला कांजिण्या आल्या तेव्हा माझे दोन गेले. बुडालेले २४ तास पुढच्या आठवड्यात भरून काढायचं ठरवलं तर तोही कोसळतो. दीडपट धरलेला अंदाज अशा वेळी उपयोगी पडतो, त्यातून ते तास वजा करा. तेही संपले असतील तर अभ्यासक्रमातला कमी गुणांचा भाग कोणता ते बघून तो शेवटी ठेवा. सोमवारी पहाटे नेहमीच्याच वेळी, राहिलेल्या पानापासून बसा.