ठोकणाऱ्याकडे विमाच नसेल तर? या चुका टाळा

नागपूरच्या कळमना मार्केटच्या गेटसमोर एका मालवाहू टेम्पोने रिव्हर्स घेताना माझ्या कारचा बंपर आणि डावा हेडलाइट फोडला. संत्र्याचे कॅरेट बाजूला सारत टेम्पोवाला खाली उतरला. "भाऊ, पोलीस कायले? आपसात मिटवू नं." दोन हजार हातावर ठेवले, बाकीचे संध्याकाळी देतो म्हणाला. संध्याकाळी फोन बंद. मग सरकारच्या एमपरिवहन ॲपवर त्याचा एमएच 40 चा नंबर टाकला, तर विमा आठ महिन्यांपूर्वीच संपलेला. घरी बसून जे पाहिलं, ते गेटवर उभं राहून दोन मिनिटांत पाहता आलं असतं.

तर पहिली चूक हीच. समोरच्याशी बोलण्याआधी नंबर टाका, विम्याची तारीख पाहा. ॲपवर मालकाचं पूर्ण नाव दिसत नाही, म्हणून आरसी, लायसन्स, नंबरप्लेट आणि गाड्या जशा उभ्या आहेत तशा, सगळ्याचे फोटो काढा. कायद्याने थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं केलेलं नुकसान भरून देणारा, सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्यांदा 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणून तर "पोलीस कायले" म्हणतात.

बंपरपुरतं आपसात मिटवलंत तर एकवेळ चालेल. माणसाला लागलं असेल तर अजिबात नाही. "मुका मार आहे, हळद लावा" म्हणून घरी गेलेल्याचा तीन दिवसांनी मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) एक्स-रे निघतो आणि हाड मोडलेलं सापडतं. तोवर पोलिसांत नोंद नाही आणि टेम्पो कुठला ते ठाऊक नाही. वरून "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही केलेली असली तर बघायलाच नको. खर्चाच्या धाकाने दवाखाना लांबवू नका. मे 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत 1.5 लाखाचा कॅशलेस उपचार आहे. ठोकणाऱ्याचा विमा होता की नव्हता, हा प्रश्न तिथे येत नाही.

दुसरा घोळ गूगलचा. शोधलं की "अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर", म्हणजे ठोकणाऱ्याकडे विमा नसेल तर कामी येणारं कव्हर, समोर येतं आणि लोक एजंटला तेच मागतात. ते अमेरिकेतलं. आपल्याकडे मोटर पॉलिसीत त्या नावाचं कव्हर मिळत नाही, त्याचं काम आपल्याच पॉलिसीतल्या दोन-तीन ओळींकडून करून घ्यावं लागतं.

त्यातली पहिली ओळ ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. नुसती थर्ड पार्टी असेल तर बिनविम्याच्या गाडीने केलेलं नुकसान तुमच्या खिशातून. दुचाकीवाले इथे हमखास फसतात. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांची थर्ड पार्टी सक्तीची झाली. "पाच वर्षं टेन्शन नाही" म्हणून पॉलिसी कपाटात जाते. बहुतेकांचं ओन डॅमेज एकाच वर्षाचं असतं, ते कधीच संपलेलं असतं. ते वेगळं घेता येतं. आज पॉलिसी काढून तारीख बघाच.

दुसरी ओळ पर्सनल ॲक्सिडेंट, म्हणजे अपघातात मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर मिळणारी रक्कम, 15 लाखांची. ती गाडीच्या नोंदणीकृत मालकासाठी, तोच चालवत असताना आणि लायसन्स चालू असताना. आता नागपुरातली किती घरं अशी आहेत की गाडी बाबांच्या नावावर आणि हिंगण्याला ड्यूटीवर जातो मुलगा! त्या मुलाला हे कव्हर नाही. त्याच्या नावाने वेगळी पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढा. मागे बसणारी बायकोही नुसत्या थर्ड पार्टीत येत नाही. पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) हवी, आणि ती घेताना मागच्या सीटचं स्पष्ट विचारून घ्या.

क्लेम करायचा का, याचं गणित सोपं. चूक समोरच्याची असली तरी ओन डॅमेजचा क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो. ओन डॅमेजचा प्रीमियम 8,000 आणि बोनस 35 टक्के असेल तर 2,800 गेले, आणि पुन्हा तिथवर चढायला तीन वर्षं. तीन हजारांच्या ओरखड्यासाठी मी तरी करणार नाही.

सगळ्यात महागात पडणारी समजूत: "विमाच नाही, मग मिळणार काय?" विमा नसला तर गाडीचा मालक स्वतः देणं लागतो. जखमीने किंवा वारसाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा, कायद्यात मुदत सहा महिन्यांची. निकालाची रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. आणि बिनविम्याची गाडी पुरेशी हमी दिल्याशिवाय सोडू नये, असं सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगून ठेवलंय. ती ठाण्यात अडकली की मालक स्वतःहून फोन करतो. त्यासाठी गुन्हा नोंदलेला हवा, एवढंच. चालकाचं लायसन्स खोटं निघालं पण विमा चालू असेल, तर कोर्ट बहुधा कंपनीला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

हिट अँड रनचे, म्हणजे ठोकून पळालेल्या गाडीच्या अपघातात सरकारी योजनेतून मिळणारे पैसे वेगळे. मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50,000. पण ते गाडी सापडलीच नाही तर. नंबर माहीत आहे, फक्त विमा नाही, अशा प्रकरणात ते मिळत नाहीत. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि तहसीलमध्ये चकरा मारत बसतात.

माझ्या कारचं काम शेवटी माझ्याच पॉलिसीतून झालं. दुरुस्तीला हात लावण्याआधी नुकसान तपासणारा सर्व्हेअर बोलावला. त्याने पहिलंच विचारलं, "त्याच्याकडून काही घेतलं का?" ते दोन हजार वजा झाले. झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नव्हतं, म्हणून प्लॅस्टिकच्या बंपरवर 50 टक्के घसारा लागला, वर क्लेममध्ये स्वतः भरायचे सक्तीचे 1,000 माझे.

दोन महिन्यांनी टेम्पो त्याच गेटवर दिसला. तीच वाकलेली नंबरप्लेट. ॲप उघडलं, विमा अजूनही संपलेलाच.