मानसोपचारातील नवे उपचार कसे अभ्यासावेत : खानदेशातील डॉक्टर व आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी

नैराश्याच्या रुग्णाचा मुलगा हल्ली मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करून विचारतो की, केटामाइनचे इंजेक्शन आपल्याकडे मिळेल का. हा प्रश्न मोठ्या शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या आधी पारोळ्याच्या किंवा शहाद्याच्या फॅमिली डॉक्टरला, ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि कधी कधी थेट आशाताईंनाच विचारला जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये झाली असली, तरी धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणे असते. म्हणून नव्या उपचारांची माहिती घेण्यामागचा पहिला हेतू ते स्वतः देणे हा नसून, कोणाला पाठवायचे, कोणाला पाठवायचे नाही आणि घरच्यांना काय सांगायचे हे नीट ठरवता येणे हा असावा. पुढे सांगितलेली पद्धत याच हेतूने मांडली आहे.

अभ्यासाची सुरुवात ओपीडीच्या वहीतून

टेबलावर एक साधी वही ठेवावी आणि अपेक्षेप्रमाणे सुधारणा न झालेल्या प्रत्येक मानसिक रुग्णाची, नाव न लिहिता, थोडक्यात नोंद करावी : निदान काय, कोणते औषध, किती मात्रेत, किती आठवडे, आणि आपल्याला नेमके काय कळत नाही. महिनाअखेरीस ही पाने चाळली की पुढच्या महिन्यात काय वाचायचे ते आपोआप ठरते. असे न करता समोर येईल ते व्याख्यान ऐकत गेल्यास प्रमाणपत्रे जमतात, पण ओपीडीतले प्रश्न तसेच राहतात.

या नोंदी प्रामाणिकपणे ठेवल्या, तर बहुतेकांच्या वहीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसेल, असे माझे मत आहे : जुनाच उपचार पुरेसा दिला गेलेला नसतो. ‘उपचारांना दाद न देणारे नैराश्य’ ही संज्ञा वापरण्यासाठी किमान दोन वेगवेगळी नैराश्यविरोधी औषधे योग्य मात्रेत आणि पुरेसा काळ, म्हणजे साधारण सहा आठवडे, देऊनही उपयोग झालेला नसला पाहिजे. एसिटालोप्रामची 5 मिलिग्रॅमची गोळी पंधरा दिवस घेऊन सोडलेली असेल, तर ते औषध निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही. गोळ्या खरोखर घेतल्या का, हे रिकाम्या पट्ट्या मागवून पाहावे. नंदुरबारच्या डोंगराळ भागातील कुटुंबे कामासाठी गुजरातेत जातात तेव्हा पंधरा दिवसांच्या गोळ्या देऊन दोन महिन्यांनी ‘फरक नाही’ असे लिहिण्याला काही अर्थ उरत नाही. दारू, थायरॉइडचा विकार, रक्तक्षय आणि पूर्वी कधी येऊन गेलेला उन्मादाचा काळ, हे सर्व तपासल्याखेरीज नव्या उपचाराचे नाव काढू नये.

याच कारणासाठी निरंतर शिक्षणातला पहिला मोठा वाटा जुन्या, पण कमी वापरल्या जाणाऱ्या उपचारांना द्यावा. स्किझोफ्रेनियात दोन औषधे योग्य रीतीने देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिनचा विचार व्हायला हवा. त्यासाठी पांढऱ्या पेशींची नियमित तपासणी करावी लागते आणि बद्धकोष्ठतेकडे बारकाईने लक्ष द्यावे लागते, कारण ती जिवावर बेतू शकते. बायपोलर विकारात, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांच्या आळीपाळीने येणाऱ्या आजारात, दिले जाणारे लिथियम हे दुसरे उदाहरण, आणि ते खानदेशाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. शेतात किंवा वीटभट्टीवर काम करणाऱ्या माणसाच्या शरीरातील पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातील पातळी वाढते. त्यात अंगदुखीसाठी दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी किंवा रक्तदाबासाठीचे थायझाइड असेल, तर विषबाधेची शक्यता आणखी वाढते. हाताची जाड थरथर, अडखळती चाल, उलट्या-जुलाब आणि गुंगी ही लक्षणे परिचारिकांनाही ओळखता आली पाहिजेत. तपासणीसाठी रक्त शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी घ्यावे लागते, हेही प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाला माहीत असले पाहिजे. तालुका पातळीवर कोणी एकच सत्र घेणार असेल, तर ते मार्चमध्ये, याच विषयावर घ्यावे.

नव्या उपचारांपैकी काय वाचावे

केटामाइन हे भूलशास्त्रातले जुने औषध आहे. नैराश्यात ते साधारणपणे शरीराच्या वजनाच्या दर किलोला 0.5 मिलिग्रॅम या मात्रेत सुमारे 40 मिनिटे शिरेतून दिले जाते. परिणाम काही तासांत दिसू शकतो, ही त्याची मोठी बाजू; तो अनेकदा काही दिवसांतच ओसरतो, ही दुसरी बाजू, आणि व्हिडिओत नेमकी तीच गाळलेली असते. त्याच्याच एका रूपाला, एस्केटामाइनच्या नाकातील फवाऱ्याला, अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, मार्च 2019 मध्ये मान्यता दिली. प्रत्येक मात्रेनंतर रुग्णाला किमान दोन तास देखरेखीखाली ठेवावे लागते, कारण रक्तदाब वाढतो आणि काही वेळ स्वतःपासून तुटल्यासारखे वाटते. आपल्याकडे केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत, येते, त्यामुळे त्याची साठवण व नोंदवही काटेकोर असावी लागते आणि दूरध्वनीवरच्या सल्ल्यातून ते लिहून देता येत नाही. भूल देण्याची आणि आणीबाणी हाताळण्याची सोय नसलेल्या दवाखान्यात ते देऊ नये.

चुंबकीय उत्तेजनाचा उपचार, म्हणजे आरटीएमएस, याला नैराश्यासाठी एफडीएची परवानगी 2008 मध्ये मिळाली. यात भूल लागत नाही आणि फिट येणे अपेक्षित नसते. कवटीत धातूची क्लिप किंवा कानात कॉक्लिअर इम्प्लांट असल्यास तो टाळावा लागतो. अडचण वेळेची आहे : आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. थीटा बर्स्ट या प्रकारात एका बैठकीचे उत्तेजन सुमारे तीन मिनिटांत होते आणि 2018 मधील एका मोठ्या चाचणीत ते साडेसदतीस मिनिटांच्या जुन्या पद्धतीपेक्षा कमी ठरले नाही. परंतु तीन मिनिटांसाठी रावेरच्या केळीबागायतदाराला महिनाभर नाशकात खोली घेऊन राहावे लागणार असेल, तर खर्चाचा हिशेब घरच्यांसमोर मोकळेपणाने मांडावा.

प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी झुरानोलोन ही चौदा दिवस घ्यायची गोळी अमेरिकेत ऑगस्ट 2023 मध्ये मान्य झाली. तिच्याविषयी वाचावे, पण आपल्याकडे त्याहून जास्त उपयोग हे नैराश्य हेरणाऱ्या एडिनबरो प्रश्नावलीचा आहे. तिच्यात दहाच प्रश्न असतात आणि दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल असतो. लसीकरणाच्या दिवशी एएनएमताई ती भरून घेऊ शकतात.

स्किझोफ्रेनियासाठी सप्टेंबर 2024 मध्ये एफडीएने मान्य केलेले झॅनोमेलिन-ट्रोस्पियम हे, जुन्या औषधांप्रमाणे मेंदूतील डोपामाइनच्या डी-2 ग्राहींना (रिसेप्टरना) न अडवता, मस्कॅरिनिक ग्राहींवर काम करते, म्हणून त्याची चर्चा झाली. मळमळ, बद्धकोष्ठता आणि नाडीचा वेग वाढणे हे त्याचे त्रास आहेत आणि त्याच्या मुख्य चाचण्या पाच आठवड्यांच्याच होत्या. याच मार्गाने जाणारे एमराक्लिडिन मात्र नोव्हेंबर 2024 मध्ये दुसऱ्या टप्प्यातील चाचण्यांत निष्प्रभ ठरले. कोणत्याही परदेशी मान्यतेची बातमी वाचल्यावर ते औषध भारतात मान्य आहे का, हे केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीएससीओच्या, याद्यांत पाहावे.

शोधनिबंध खोलवर वाचण्याची रीत

दहा निबंधांचे सारांश वाचण्यापेक्षा दोन निबंध शेजारी ठेवून वाचणे अधिक उपयोगी पडते. केटामाइन आणि विद्युत उपचार, म्हणजे ईसीटी, यांची तुलना करणाऱ्या दोन चाचण्या यासाठी घ्याव्यात. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील चाचणीत ईसीटी घेतलेल्यांपैकी 63 टक्के, तर केटामाइन घेतलेल्यांपैकी 46 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत केटामाइनच्या गटातील 55.4 टक्के आणि ईसीटीच्या गटातील 41.2 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. वरवर पाहता दोन्ही निष्कर्ष परस्परांविरुद्ध आहेत.

आता फरक शोधावा. पहिल्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण होते आणि त्यांत भ्रम असलेलेही होते; दुसरीत भ्रम असलेल्यांना वगळले होते आणि बरेचसे रुग्ण बाहेरून येऊन उपचार घेत होते. दुसरीतील ईसीटी बहुतेकांत उजव्या बाजूने, अतिसंक्षिप्त स्पंदांनी सुरू केली होती आणि उपचाराचा काळ तीन आठवड्यांचा होता. पहिलीत मोजले ते लक्षणमुक्त होणे; दुसरीत मोजला तो प्रतिसाद, म्हणजे लक्षणांचे गुण निम्म्याने उतरणे. 34 गुणांवरून 17 गुणांवर आलेला माणूस प्रतिसाद देणारा ठरतो, पण तो बरा झालेला नसतो. यानंतर साधा भागाकार करावा : 63 आणि 46 यांत 17 टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे साधारण सहा रुग्णांना केटामाइनऐवजी ईसीटी दिल्यास एक जास्तीचा रुग्ण लक्षणमुक्त होईल. एवढे समजले की जेवण सोडलेल्या, भ्रम असलेल्या साठीच्या आजीबाईंसाठी कोणता निबंध लागू आहे, हे कोणाला विचारावे लागत नाही.

दुसरा पाहण्याचा मुद्दा म्हणजे रुग्णाला आपण खरे औषध घेतले की खोटे, हे कळले होते का. नशेचे द्रव्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एमडीएमएच्या उपचार-चाचण्यांत सहभागी झालेल्यांना ते सहज कळत होते, आणि ऑगस्ट 2024 मध्ये एफडीएने ते उपचार नाकारले त्याआधी तज्ज्ञ समितीने घेतलेल्या आक्षेपांत हाही एक होता. काही मशरूममध्ये असणाऱ्या सायलोसायबिन या भासकारी द्रव्याच्या बाबतीतही हीच अडचण येते. ऑस्ट्रेलियाने जुलै 2023 पासून काही अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना ही दोन्ही द्रव्ये ठरावीक आजारांत वापरण्याची मुभा दिली; भारतात ती अमली पदार्थविषयक कायद्याखाली येतात, त्यामुळे ‘मशरूम मागवून देतो’ म्हणणाऱ्या नातेवाइकाला स्पष्ट शब्दांत थांबवावे.

भारतातील चाचण्या सीटीआरआय या नोंदणीत विनामूल्य पाहता येतात. छापलेल्या निबंधातील मुख्य मोजमाप आधी नोंदवलेलेच आहे का, हे तिथे ताडून पाहावे; बदललेले आढळल्यास निष्कर्षावर भिस्त कमी ठेवावी.

वेळ, क्रेडिट आणि सोबत

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत निरंतर शिक्षणाचे 30 क्रेडिट (गुण) लागतात. ते शेवटच्या वर्षी घाईने गोळा करण्यापेक्षा वर्षाला सहा या हिशेबाने घ्यावेत, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमाला पैसे भरण्यापूर्वी त्याचे क्रेडिट आपल्या परिषदेला मान्य आहे का, हे विचारून घ्यावे. बंगळुरूच्या निम्हान्सची डिजिटल अकादमी 2018 पासून मानसोपचारतज्ज्ञ नसलेले डॉक्टर, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ते यांच्यासाठी दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम चालवते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून उठून न जाता शिकण्याची ती चांगली सोय आहे. इंडियन जर्नल ऑफ सायकियाट्री विनामूल्य वाचता येते आणि त्यातील उपचार मार्गदर्शिका भारतीय परिस्थिती धरून लिहिलेल्या असतात. कंपनीने हॉटेलात ठेवलेल्या व्याख्यानाला जाण्यास हरकत नाही, मात्र त्या औषधाची तुलना कशाशी केली, खोट्या गोळीशी की प्रचलित औषधाशी, हा प्रश्न तिथे उभे राहून विचारावा. उत्तर गुळमुळीत आले तर जेवण करून परत यावे.

याहून महत्त्वाची आहे ती सोबत. एका तालुक्यातील चार-पाच डॉक्टर, समुपदेशक आणि परिचारिका यांनी महिन्यातून एकदा, शक्यतो बाजाराचा दिवस सोडून, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचारतज्ज्ञाशी दूरध्वनीवर तासभर बोलावे. वहीतील दोन नोंदी मांडाव्यात आणि एक निबंध वाचावा, त्याहून जास्त ठेवू नये. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही व्हॉट्सॲपवर टाकू नये, गटात सगळे डॉक्टरच असले तरीही.

कायदा आणि पाठवणी

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 मधील दोन कलमे प्रत्येकाने मुळातून वाचावीत. कलम 94 नुसार आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, 72 तासांपर्यंत उपचार देऊ शकतो, पण ईसीटी हा आणीबाणीचा उपचार म्हणून देता येत नाही. कलम 95 नुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यास, तसेच रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. नव्या उपचाराची संमती घेताना कागदावरील मराठी पुरेशी नसते. अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या बोलीत समजावून सांगणारी व्यक्ती शेजारी हवी आणि त्याने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगितले पाहिजे.

पाठवणीच्या चिठ्ठीत ‘नैराश्य, पुढील उपचारांसाठी’ एवढेच लिहू नये. दिलेल्या प्रत्येक औषधाची मात्रा आणि आठवडे, सोडण्याचे कारण, आत्महत्येचा विचार आहे का, रक्तदाब, फिट येण्याचा इतिहास, डोक्यातील धातू, दारू, गरोदरपण, सोबत कोण राहणार आणि किती दिवस राहू शकेल, हे लिहावे. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्याच चिठ्ठीवर ठळक लिहावा. एक प्रत घरच्यांकडे द्यावी, कारण कुटुंब कामासाठी सुरतेला गेले तर तिथल्या डॉक्टरच्या हाती दुसरे काही नसते. आणि ज्यांच्याकडे पाठवले त्यांना परतीची नोंद लेखी मागावी, ज्यात पुढच्या गोळ्या आपल्या केंद्रातून कोणत्या द्यायच्या आणि रक्ततपासणी कधी करायची हे तारखेसह लिहिलेले असेल.