मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी घरी नॅस कसा लावावा

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्या संगणकांना नेटवर्कवरून वापरता येणारी डिस्कची पेटी. ती विकत घेण्यापूर्वी कागदावर हिशेब मांडावा. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरातील दोन तासांचा प्रयोग दोन कॅमेऱ्यांवर फोर-केमध्ये टिपला आणि प्रत्येक कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट या गतीने नोंद करीत असला, तर तासाला सुमारे 45 जीबी, म्हणजे एका प्रयोगाचे 180 जीबी होतात. 4 टीबीची डिस्क अशा बावीस प्रयोगांतच भरते. तीच डिस्क विंडोजमध्ये 3.63 टीबी दिसते. तो मोजणीच्या पद्धतीतला फरक आहे, त्यासाठी दुकानदाराशी वाद घालू नये.

डिस्क सारख्या क्षमतेच्या दोन घ्याव्यात आणि त्या सीएमआर प्रकारच्याच, म्हणजे माहितीचे पट्टे शेजारीशेजारी लिहिणाऱ्या असाव्यात. एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची हलवावी लागतात, तसे तिथे पुन्हा लिहिताना होते आणि मोठी फाइल चढवताना वेग अचानक कोसळतो. खोक्यावर हे बहुधा छापलेले नसते, म्हणून मॉडेल क्रमांक कंपनीच्या माहितीपत्रकात ताडून पाहावा.

डिस्क बसवून नॅस केबलने राउटरला जोडावा, ब्राउझरमधून त्याचे पान उघडावे आणि रेड 1, म्हणजे प्रत्येक फाइल दोन्ही डिस्कवर लिहिण्याची पद्धत, निवडावे. या वेळी डिस्कवरचे सर्व काही पुसले जाते. त्यानंतर स्मार्टची, म्हणजे डिस्कने स्वतःचीच प्रकृती तपासण्याच्या सोयीची, विस्तारित चाचणी रात्रभर चालू ठेवावी आणि ती निर्दोष पार पडल्यावरच फाइली चढवाव्यात. राउटरमध्ये नॅसचा आयपी पत्ता कायम करावा, घरातील प्रत्येकाला वेगळे खाते द्यावे आणि नॅस थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

खरी मेख केबलमध्ये असते. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण 110 एमबी मिळतात आणि वरचा प्रयोग अर्ध्या तासाच्या आत चढतो. माझ्याकडे मात्र वेग 11 एमबीच्या वर जाईना. दोन दिवस सेटिंग्ज बदलून पाहिल्यावर लक्षात आले, की कपाटामागे केबल चेपून आतली एक तार तुटली होती आणि जोडणी मुकाट्याने 100 मेगाबिटवर उतरली होती. त्यामुळे आधी पोर्टचा वेग पाहावा आणि कॅट 6 केबल वापरावी. संकलनाच्या कामासाठी वायफायवर विसंबू नये.

लाइट जाण्याचा प्रश्न आपल्याकडे आहेच. यूपीएस यूएसबीने नॅसला जोडला, तर बॅटरी संपत आल्यावर नॅस स्वतःच नीट बंद होतो.

रेड 1 म्हणजे बॅकअप नव्हे, कारण चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून एकाच वेळी जाते. तिसरी डिस्क बाहेरची घ्यावी आणि एक्सफॅट या फाइल-पद्धतीत फॉरमॅट करावी, कारण फॅट32 या जुन्या पद्धतीत 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे, आणि 2019 व 2021 मध्ये पाणी तिच्याही वर गेलेले सांगलीकरांनी पाहिले आहे. नदीकाठच्या घरात नॅस वरच्या मजल्यावर ठेवावा आणि तिसरी डिस्क घरात न ठेवता विट्याच्या मामांकडे द्यावी. दिवाळीला जाताना नवे चित्रण भरलेली अशीच आणखी एक डिस्क न्यावी, आधीची परत आणावी आणि निघण्यापूर्वी त्यांच्याच संगणकावर दोन-चार फाइली उघडून पाहाव्यात.