बार्बीला ऊसतोड बाईचे कपडे कसे शिवायचे

बार्बी १९५९ साली बाजारात आली. १९६५ मध्ये तिला अंतराळवीराचा पोशाख मिळाला, १९९२ मध्ये ती राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार झाली. मुलींनी मोठी स्वप्नं बघावीत, हे मला मनापासून पटतं. पण हंगामात विट्यातल्या माझ्या शिवणाच्या दुकानासमोरून उसाच्या गाड्या जातात. त्या भरणारी बाई ना या बाहुल्यांत आहे, ना आमच्या आठ मार्चच्या सत्काराच्या यादीत. म्हणून मी तिचे कपडे बाहुलीच्या मापात शिवते. तुम्हीही शिवा, चिंध्यांतच भागतं.

बाहुली साडेअकरा इंचाची, म्हणजे माणसाच्या साधारण एक षष्ठांश. त्या हिशेबानं साडेपाच मीटरची साडी ९२ सेंटिमीटर होते, पण एवढी नेसवू नका. कापडाची लांबी कमी करता येते, जाडी तीच राहते आणि निऱ्यांचा नुसता गोळा होतो. ६५ बाय १९ सेंटिमीटरचा तुकडा पुरे. धुऊन धुऊन विरलेली सुती साडी घ्या. नवं कापड फुगून उभं राहतं. नेसवण्याआधी कमरेला सुती पट्टी गुंडाळून कंबर भरून घ्या. इतक्या बारीक कमरेवर साडी ठरतच नाही, आणि दिवसभर मोळ्या उचलणाऱ्या बाईची कंबर तशी नसतेही. निऱ्या तीन-चारच, साडी घोट्याच्या वर, पदर कमरेला घट्ट खोचलेला.

शर्टावर मात्र वेळ द्या, सगळी ओळख त्यातच आहे. उसाच्या पाल्याची कड अंग कापते, म्हणून या बायका साडीवर पुरुषाचा लांब बाह्यांचा शर्ट घालतात. खऱ्याच जुन्या शर्टाचा खालचा घेर कापून घ्या, म्हणजे दुमडलेली कड आयती मिळते. खांदा अर्धा सेंटिमीटर उतरता ठेवा, बाही बोटांपर्यंत येऊ द्या आणि मग दुमडा. बाहुलीच्या अंगाबरोबर बसवलात तर तो फॅशनचा शर्ट होईल. हा दुसऱ्याच्या मापाचाच दिसला पाहिजे. बाही चढवताना हातावर प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा, म्हणजे बोटं दोऱ्यात अडकत नाहीत.

टाचा उचललेली बाहुली असेल तर जुन्या स्लिपरच्या रबराची पाचर टाचेखाली शिवून सपाट चप्पल करा. डोक्यावर चिंधीची चुंबळ, तिच्यावर खराट्याच्या काड्यांची मोळी. मोळी हिरव्या चिंधीनं बांधा, कारण शेतात ती उसाच्या वाढ्यानंच, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यानंच बांधतात. मोळी चुंबळीला दोन टाके घालून पक्की करा.

आता एक कागद. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे एकच जोडी धरतात, आणि उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. हिशेबात तिचं नाव नसतं. तेव्हा दोन सेंटिमीटरचं कार्डपेपरचं ओळखपत्र करून त्यावर फक्त तिचं नाव लिहा आणि शर्टाच्या खिशात घाला. खिसा त्यासाठीच शिवायचा. आपल्याच सांगली जिल्ह्यात १९८०च्या दशकात परित्यक्ता बायका संघटित झाल्या, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड मागायला लागल्या. नावाचा कागद किती मोठी गोष्ट आहे, हे त्यांना विचारा.

बाहुली तयार झाली की कोप्यांवरच्या, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपड्यांवरच्या पोरींच्या हातात द्या आणि काय चुकलंय ते त्यांनाच विचारा. फडक्याची गाठ कुठं असते, कोयता कुठल्या हातात, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. सांगतील तसं उसवून पुन्हा शिवा. सोबत गुलाबी गाऊनही ठेवा. एखादीनं शर्ट काढून तो चढवला, तर चढवू द्या. तो तिचाही आहे.