काळी शीट, एक रुपया आणि केबलचे ७५ ओहम

दिवाळीत भाचा परभणीला आलता, पॉलिटेक्निकला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. मी गच्चीवर डिशची वायर बदलायलो होतो तर उरलेला तुकडा उचलून म्हणला, मामा ह्याच्यावर ७५ ओहम छापलंय पण मीटर तर काहीच दाखवंना. आतल्या तारेला आणि जाळीला मीटर लावलं की ओपन, तारेच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लावलं की जेमतेम एखादा ओहम, मग हे ७५ हायेत कुठं? मी आपलं नेहमीचं ठोकून दिलं की ते इम्पीडन्स असतं बाबा, म्हणजे वायरीतनं पळणाऱ्या सिग्नलच्या व्होल्टला त्याच्या करंटनं भागून येतं ते, मल्टीमीटरनं मोजता येत नाही. तो गप बसला पण त्याला पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाच पटलं नव्हतं.

तर मोजता येतं. केबलवर नाही, काळ्या शीटवर. साध्या पाचसातशेच्या मल्टीमीटरनं होतं, कसं करायचं ते लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या, नाहीतर पुढचं सगळं जादू वाटंल. सगळीकडं सारख्या जाडीची, थोडीफार करंट जाऊ देणारी शीट घ्या आणि तिचा चौकोन कापा, चारी बाजू सारख्या. समोरासमोरच्या दोन कडांना पूर्ण कडभर पट्टी लावून रेझिस्टन्स मोजा. चौकोन बोटभर असो की शहाबादी फरशीएवढा, आकडा तोच येतो. कारण लांबी दुप्पट केली की रेझिस्टन्स दुप्पट होतो आणि रुंदी दुप्पट केली की निम्मा, हिशोब जागच्या जागी. म्हणून अशा शीटचा रेझिस्टन्स 'ओहम पर स्क्वेअर' असा सांगतात, कोणता स्क्वेअर ते सांगायचं कामच नाही. दोन फरश्या एकामागं एक ठेवल्या की दोन स्क्वेअर, शेजारी शेजारी ठेवल्या की अर्धा. वेडावाकडा आकार असला तरी तो शेवटी काहीतरी इतके स्क्वेअर भरतोच, ०.८ म्हणा, ०.२४ म्हणा.

आता केबल आडवी कापून तोंडाकडून बघा. मधी तारेचा ठिपका, भोवती जाळीचं कडं. तार आणि जाळीच्या मधल्या जागेत इलेक्ट्रिक फील्ड ज्या नियमानं पसरतं, त्याच नियमानं शीटमध्ये करंट पसरतो, त्या नियमाला लाप्लासचं समीकरण म्हणतात. म्हणून तोच आकार शीटवर मोठा करून काढला आणि तो किती स्क्वेअर भरतो ते मोजलं की केबलचा आकार आकड्यात आला. रिकाम्या जागेचा स्वतःचा इम्पीडन्स ३७७ ओहम (बारकाईनं ३७६.७३). स्क्वेअरला ३७७ नं गुणायचं, आणि मधी प्लास्टिक असलं तर केबलच्या व्हेलॉसिटी फॅक्टरनं (केबलीत सिग्नल प्रकाशाच्या किती पट वेगानं पळतो तो आकडा) परत गुणायचं, झालं. शीट नेमकी ३७७ ओहम पर स्क्वेअरची मिळाली तर मधी नुसती हवा असलेल्या केबलचा इम्पीडन्स मीटरवर सरळच दिसंल. रडार शोषून घेणाऱ्या सॅलिसबरी स्क्रीनमध्ये तसलीच शीट वापरतात, पण ती आपल्याला कोण देणार.

मग शीट आणायची कुठून. जुन्या लॅबमध्ये ह्यासाठी टेलेडेल्टॉस नावाचा कागद असायचा, तो आता शोधत बसू नका. जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतो आपण पण ही वस्तू गावात मिळाली नाही, शेवटी ऑनलाइन मागवली. कार्बन भरलेलं काळं प्लास्टिक मागवायचं, व्हेलोस्टॅट नावानं मिळतं. इलेक्ट्रॉनिक पार्ट ज्या गुलाबी पिशवीत येतात ती चालत नाही, तिचा रेझिस्टन्स मीटरच्या आवाक्याबाहेर असतो. चंदेरी पण नको, तिचा धातूचा थर आत दाबलेला असतो. पेन्सिलीनं कागद काळा करायचा उद्योग मी दोन दिवस केला, ६बी च्या दोन पेन्सिली संपल्या, पण एका बाजूनं मोजलं की एक आकडा आणि दुसऱ्या बाजूनं मोजलं की भलताच. त्यापेक्षा ग्रॅफाइट पावडर फेविकॉलमध्ये, थोडं पाणी घालून, कार्डशीटवर स्पंजनं दोन आडवे दोन उभे हात मारले तर बरं जमतं. फक्त पूर्ण वाळू द्या. आणि पावसाळ्यात ती कार्डशीट हवेतलं पाणी धरती, सकाळचा आकडा संध्याकाळी राहत नाही, म्हणून सगळी मोजणी एका बैठकीत उरकायची.

पहिलं मोजायचं ते ओहम पर स्क्वेअर. ३ सेंमी रुंद पट्टी कापा, दोन्ही टोकांना रुंदीभर सिल्व्हर कंडक्टिव्ह पेंट मारा, मधलं अंतर १५ सेंमी ठेवा म्हणजे ५ स्क्वेअर. अशीच ३० सेंमीची म्हणजे १० स्क्वेअरची दुसरी. दोन्ही आकड्यांची वजाबाकी करून ५ नं भागा. वजाबाकी कामून, तर पेंट आणि शीटच्या जोडात पण थोडा रेझिस्टन्स लपलेला असतो, तो दोन्हीकडं सारखा म्हणून कटून जातो. एक पट्टी शीटच्या उभ्या दिशेनं, एक आडव्या दिशेनं कापून पण बघा, रोलरवर ताणलेल्या प्लास्टिकमध्ये फरक निघू शकतो. माझ्या शीटचे आले ४२०० ओहम पर स्क्वेअर.

आता केबल. डिशची वायर म्हणजे आरजी-६, तिची आतली तार १.०२ मिमी आणि त्यावरचं पांढरं प्लास्टिक ४.५७ मिमी, म्हणजे जवळपास ४.४८ पट. हे प्रमाण तेवढं पाळायचं, खरा साइज काहीही घ्या. मी एक रुपयाचं नाणं ठेवून पेन फिरवला, माझं नाणं २२ मिमीचं भरलं, म्हणून बाहेरचं वर्तुळ ९८.६ मिमी, ते कंपासनं काढलं. नाण्याचा गोल आतून पूर्ण पेंटनं भरला. बाहेरच्या वर्तुळाच्या रेषेवर, रेषेच्या बाहेरच्या अंगानं, बोटभर रुंद पेंटचं कडं मारलं. कड्याची आतली कड महत्त्वाची, ती नीट गोल पाहिजे, बाहेर कसंही फासलं तरी चालतं. अॅल्युमिनियम फॉइल नुसती ठेवून पण बघितली, पण ती कुठं टेकते कुठं टेकत नाही, हात ठेवला की आकडा हलतो, पेंटचे पैसे वाचवू नका. पेंट वाळला की मीटरची एक पिन नाण्याच्या गोलावर, दुसरी कड्यावर.

मला आले १०४० ओहम. भागिले ४२०० म्हणजे ०.२४८ स्क्वेअर. गुणिले ३७७, आले ९३. फोम भरलेल्या आरजी-६ चा व्हेलॉसिटी फॅक्टर ८२ ते ८५ टक्क्यांच्या आसपास असतो, मी ०.८३ धरला, तर उत्तर साडेसत्याहत्तर. सूत्रानं ७४.७ यायला पाहिजे होते, म्हणजे तीनचार टक्के चूक, हातानं रंगवलेल्या गोलाला एवढं माफ. भाच्याला फोटो पाठवला तर म्हणला मामा नाणं दोन रुपयाचं घेतलं तर? मी म्हणलं घे की, पण बाहेरचं वर्तुळ तेवढंच ठेव आणि आकडा कुठं जातो ते बघ. इम्पीडन्स खाली येतो. तार जाड केली की मधे स्क्वेअर कमी उरतात, एवढंच आहे ते. ५० ओहमची आरजी-५८ नावाची केबल करायची असंल तर तिच्यात भरीव पॉलिथिन, फॅक्टर ०.६६, तिथं वर्तुळांचं प्रमाण साधारण साडेतीन पट घ्या, स्क्वेअर ०.२ च्या जवळ यायला पाहिजेत.

त्याच शीटवर अजून एक करून बघाच. नाण्याला ९ व्होल्टच्या बॅटरीचा प्लस, कड्याला मायनस, मीटर व्होल्टवर, काळी पिन मायनसला. लाल पिन शीटवर हलकी टेकवत साडेचार व्होल्ट कुठं येतात ते शोधा आणि ठिपके मारत जा. माणसाला वाटतं निम्मे व्होल्ट म्हणजे निम्म्यात. तसं नाही, ठिपक्यांचं वर्तुळ मधापासून २३ मिमीवरच येतं, म्हणजे नाण्याच्या कडेपासून जेमतेम १२ मिमी, आणि पुढं कड्यापर्यंत २६ मिमी मोकळी जागा तरी उरलेले साडेचार व्होल्ट तिथंच पसरलेले. सगळी ओढाताण तारेजवळ आहे. केबल चेपली किंवा तार मधातून सरकली की इम्पीडन्स कामून बिघडतो ते पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, हे ठिपके मारताना कळलं. घाई करू नका, आणि पिन जोरात दाबू नका, ह्या प्लास्टिकला दाबलं की रेझिस्टन्स बदलतो.

जुन्या दूरदर्शनच्या अँटेनाची चपटी वायर आठवते का, पत्र्यावरून खाली खेचलेली, दोन तारा आणि मधी प्लास्टिकची पट्टी, ३०० ओहमची. ती पण निघते. २२ मिमीचे दोन गोल, मधापासून मधापर्यंत १३५ मिमी, हवेचा हिशोब केला तर ०.८ स्क्वेअरच्या जरासं खाली, गुणिले ३७७ म्हणजे ३००. खऱ्या वायरीत पट्टीचं प्लास्टिक मधे येतं म्हणून तिची मापं थोडी वेगळी. इथं अडचण शीटची, कारण हे फील्ड लांबवर पसरतं, आणि शीट संपली की करंटला पुढं जागाच नाही म्हणून आकडा वाढतो. मला पहिल्यांदा ३४० आले ते त्यामुळंच. चारी बाजूंनी भरपूर शीट सोडा. मायक्रोस्ट्रिपच्या, म्हणजे सर्किट बोर्डावर सिग्नलसाठी काढलेल्या तांब्याच्या पट्टीच्या, नादी लगेच लागू नका, तिथं अर्धं फील्ड हवेत आणि अर्धं बोर्डात, एकाच शीटवर ते बसत नाही.

राहिला प्रश्न शीटवरचं खऱ्या केबलला लागू होतं का. त्यासाठी मीटरला कपॅसिटन्सची रेंज पाहिजे. गच्चीवरची १० मीटर वायर उरली होती, दोन्ही टोकं मोकळी ठेवून एका टोकाला तार आणि जाळीमधी मोजलं, ०.५४ नॅनोफॅरड. म्हणजे एक मीटर लांबीला ५४ पिकोफॅरड. प्रकाशाचा वेग गुणिले ०.८३ गुणिले ५४ पिको, १ ला त्यानं भागलं की इम्पीडन्स येतो, आला ७४ ओहम आणि वर थोडं. भाच्याला फोन लावला तर त्याची परीक्षा चालू होती, म्हणला मामा संध्याकाळी करतो.